बोट लागते, त्याचं काय? : वाचकांचे प्रश्न

मांडव्याला जाताना गेटवे दिसेनासा होण्याआधीच मला बोट लागते. महासागरातल्या शर्यतीत उतरणाऱ्यांना लागत नाही का? (डोंबिवली)

लागते की! ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल नेल्सनलाही लागायची. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र सगळं डोलतंय म्हणून ओरडत असतो. त्या भांडणात पोट उलटतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत निवळतं. गोळी निघण्याआधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर घेतली तर तीही बाहेर येते. आत दडून बसू नका. सुकाणू हातात घेऊन क्षितिजाकडे बघत राहा, तेही जमेना तर सरळ आडवे व्हा. माझी पहिली रात्र बादली आणि आलेपाकाच्या संगतीत गेली.

झोपता कधी, जेवता काय? (दादर)

शर्यतीत चार तास वर डेकवर कामाला, चार तास खाली, रात्रंदिवस. खालच्या चारांतून ओले कपडे उतरवणं, खाणं, पुन्हा तेच ओले कपडे चढवणं वजा करा. अडीच तास झोप मिळाली तर नशीब. बिछानाही सामाईक, तुम्ही उठलात की त्याच उबेत दुसरा शिरतो. होडी सदा एका कुशीवर, म्हणून बिछान्याची कड दोरीनं वर ओढून घ्यायची. शिडांची बाजू बदलली की राखीव शिडं, अन्नाच्या पिशव्या, सगळं वाऱ्याकडच्या बाजूला हलवायचं. वजन तिकडे असलं की होडी कमी कलते आणि जास्त पळते. झोपलेली माणसं हेही वजनच, त्यांनाही उठवून पलीकडे पाठवतात! वर लाट आपटली की कार्बनचं कवच ढोलासारखं घुमतं.

जेवण म्हणजे पाणी काढून वाळवलेलं पाकीट. समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करून, तापवून त्यात ओतायचं. चार दिवसांनी सगळ्याची चव एकच लागते. मी लसणाची चटणी न्यायचो. सगळ्यात आधी तीच संपायची, आणि मला जेमतेम दोनदा मिळायची.

आम्ही जून-जुलैत होड्या वर ओढतो, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मग दर्यात उतरतो. ही माणसं मुद्दाम वादळात का शिरतात? (वर्सोवा)

दादा, शहाणपण तुमचंच. त्यांना वारा हवा असतो. ४० अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती फिरत राहतात, अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, म्हणून लाटाही चढत जातात. तिथे कमरेचा पट्टा होडीला अडकवल्याशिवाय डेकवर पाऊल टाकायचं नाही. पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं लाटांत नारळाएवढं दिसतं, तेही क्षणभर.

नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या होडीतून मुंबई ते मुंबई एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वी फिरून आले. तेच सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वी फिरण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढच्या शर्यतीला ते पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. याला शहाणपण म्हणावं का, हे तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे, नौदलाच्या 'तारिणी' होडीतून पृथ्वी फिरून आलेल्या सहा जणींबद्दल वाचल्यापासून शिडाची होडी शिकायचं म्हणते. (गिरगाव)

आधी पोहणं पक्कं करा. मग पावसाळा सरला की कुलाब्याकडे छोट्या होडीत बसवा. पहिल्याच आठवड्यात ती उलटेल, उलटू द्या. पिशवीत कपड्यांची जादा जोडी आणि टोपीला दोरी मात्र बांधून द्या.