इंजिन उघडू नका, निदान अजून तरी

प्रश्न: मी इंदूरला सुदामानगरात राहतो, पीथमपूरला नोकरी करतो. नऊ आठवड्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून २०१४ सालची डिझेल एसयूव्ही ६ लाख २५ हजारांना घेतली. मीटरवर १ लाख ७८ हजार किलोमीटर होते. बाराव्या दिवशी ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात टेम्परेचरचा काटा वर गेला. गल्लीतल्या मेकॅनिकने कूलंट भरून दिलं आणि स्कॅनर लावून चेक इंजिनचा दिवा घालवला. तेव्हापासून दर चार-पाच दिवसांनी कूलंट भरतोय. सकाळी पांढरा धूर येतो, ऑइलचं झाकण उघडलं की आतून फेकतं. दुसरा मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, बॅक कॉम्प्रेशनही आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पिस्टनच्या कडेने खाली येतो, इंजिन उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, खर्च दीड लाखापर्यंत जाईल. डीलर पावतीवरचा "बाद में कोई क्लेम मान्य नहीं" हा शिक्का दाखवतो. सोमवारी गाडी गॅरेजला देतोय. शनिवार-रविवारी एका ट्रॅव्हल्सवाल्यालाही गाडी देतो, ते उत्पन्नही बुडणार. पैसे परत मिळतील का?

उत्तर: सोमवारी गाडी गॅरेजला देऊ नका.

अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. गाडीचं मॉडेल बदलतं, पत्र तेच. आणि बहुतेक पत्रं येतात ती इंजिन उघडून झाल्यावर. एक अशील तर हेड गोणपाटात बांधून माझ्या ऑफिसात घेऊन आले होते, पुरावा म्हणून. टेबलावर ठेवलं, काळं ऑइल फायलींवर सांडलं. त्या हेडचा पुरावा म्हणून उपयोग शून्य झाला, कारण ते त्याच गाडीचं आहे, त्याच अवस्थेत निघालं आणि मेकॅनिकच्या हातोडीने तडकलं नाही, यातलं काहीच सिद्ध करता येईना. तुमचं इंजिन अजून बंद आहे. तुमच्या हातात तेवढंच एक चांगलं पान आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३८, पोटकलम (२), खंड (ग). मालातला दोष योग्य चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग तो माल प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवतो. मुदत वाढवूनही देतो. खंड वाचला की कळतं, तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेलाची बाटली किंवा मसाल्याचं पाकीट होतं. नमुना घ्या, सील करा, पाठवा. दोन टनांची गाडी सील कशी करणार? म्हणून अशा प्रकरणांत तज्ज्ञ नेमून जागेवर तपासणी मागायची, आणि तक्रार दाखल करताना त्याच दिवशी, वेगळ्या अर्जाने. कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो. मागायचा तो असा: दोन्ही पक्षांसमोर तपासणी व्हावी, आणि तपासणीनंतर दुरुस्तीची परवानगी मिळावी. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. मग गाडी निकालापर्यंत अंगणात उभी राहते, टायर बसतात आणि शेवटी मिळालेली भरपाई भंगाराच्या भावाशी स्पर्धा करते. चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तो प्रयत्न मी वर्षानुवर्षं पाहतोय. तारखेला गेलो की पुढची तारीख मिळते.

आता, इंजिन उघडल्याशिवाय सांगता येत नाही हे तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं. मी यंत्रतज्ज्ञ नाही, पण अशा खटल्यांत तज्ज्ञांच्या उलटतपासण्या घेऊन थोडं शिकलोय. डिझेल गाडीत कूलंट कमी होणं आणि पांढरा धूर, याचं कारण हेड गॅस्केट असू शकतं, हेडला चीर असू शकते, आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून गळत असला तरी नेमकं हेच दिसतं. तो कूलर हेड न काढता बदलता येतो. म्हणजे सोमवारी तुम्ही कदाचित पुरावाही घालवणार होता आणि विनाकारण हेडही काढणार होता. झाकण उघडल्यावर फेकतं ते बॅक कॉम्प्रेशन असेलही. थंड सकाळी जवळच्या फेऱ्यांच्या गाडीत साधी वाफही असते. रेडिएटरला प्रेशर लावून पाहणं, कूलंटमध्ये जळलेला गॅस येतोय का ते रंग बदलणाऱ्या द्रावणाने तपासणं, ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) जागेतून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजणं, या तिन्हींसाठी इंजिन उघडावं लागत नाही. ऑइल आणि कूलंटचे नमुने दोन-दोन स्वच्छ बाटल्यांत, सही-शिक्क्यासह. हे सगळं आयोगाच्या तज्ज्ञाने केलं तर उत्तमच. त्याआधी करायचंच असेल तर डीलरला तारीख, वेळ आणि गॅरेजचा पत्ता लिहून नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने, आणि तो आला नाही तर न आल्याची नोंद करून पुढे व्हा. तज्ज्ञ म्हणून गल्लीतला मेकॅनिक चालणार नाही. आमच्याकडे गोविंदराम सेक्सरिया संस्थेसारख्या सरकारी अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग सुचवता येतो; आयोग कोणाला नेमेल ते मात्र आयोगच ठरवणार.

स्कॅनरबद्दल मला तुमच्यावर चिडायचं आहे. दिवा लागला म्हणून दिवा घालवला! त्या क्षणी इंजिनाने नोंदवून ठेवलेले बिघाडाचे कोड आणि तेव्हाचं तापमान पुसलं गेलं. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही दिसतं. विक्रीच्या आदल्या दिवशी डीलरने कोड पुसले असते, तर तो आकडाच बोलला असता. आता तो तुमच्या मेकॅनिकबद्दल बोलेल. पुन्हा कोणाला पुसू देऊ नका.

आणि गाडी चालवू नका. काटा वर गेल्यावर तुम्ही सात आठवडे गाडी हाकलीत, कूलंट ओतत. डीलरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की हेड वाकलं ते यांच्या हाताने. यातलं किती डीलरच्या माथी मारता येईल, हे मी आज सांगू शकत नाही. शेवटी आयोगापुढचा खरा प्रश्न हाच असेल: १ लाख ७८ हजार किलोमीटर धावलेल्या इंजिनाची झीज हे वय आहे की दोष? नुसती झीज असेल तर तुम्ही हरता, आणि ते बरोबरच आहे. जुनी गाडी नव्यासारखी चालेल, असं कोणी वचन दिलेलं नाही. पण कूलिंगमध्ये गळती बंद करणारी पावडर सापडली, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटचा प्रवाह उघडणारी झडप) काढून टाकलेला निघाला, किंवा अधिकृत वर्कशॉपच्या नोंदीत मीटर आधीच दोन लाखांच्या पुढे गेलेला दिसला, तर मग ते लपवणं झालं. कलम २(४७) मधली अनुचित व्यापार प्रथा तिथून सुरू होते. सर्व्हिसच्या नोंदी काढा. गाडी घेण्याआधी काढायला हव्या होत्या, हे तुम्हालाही आता कळलं असेल.

शिक्का. तुम्ही फोटो पाठवलाय: "वाहन जैसा है वैसा, देखकर-चलाकर लिया, बाद में कोई क्लेम मान्य नहीं।" याला लोक जितके घाबरतात तितकं घाबरायचं कारण नाही. मालविक्री कायदा, १९३०, कलम १६(२) चं परंतुक सांगतं की खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते, त्यांच्यापुरतीच हमी जाते. गरम इंजिनवर तीन किलोमीटरच्या चकरेत हेडची चीर दिसत नाही. (डीलरने गाडी तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवली होती का, हे आठवून लिहून ठेवा. सकाळचा धूर गरम इंजिनवर लपतो.) तरी शिक्का निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, त्या कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे करारात हमी वगळता येते, आणि त्यावर वाद होईल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: शनिवार-रविवारी ट्रॅव्हल्सवाल्याला गाडी देता. खासगी नंबरवर भाड्याने देणं मुळात चुकीचं. शिवाय व्यापारी हेतूने घेतलेला माल असेल तर तुम्ही ग्राहक राहत नाही. कायद्याने सूट दिली आहे ती केवळ स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला, आणि तुमच्याकडे पगाराची नोकरी आहे. गाडी घरासाठी घेतली, नंतर कधीमधी दिली, असं असेल तर वाचण्याची शक्यता आहे. लपवू मात्र नका. ट्रॅव्हल्सवाल्याच्या ऑनलाइन पैशांची नोंद डीलरला मिळायला वेळ लागणार नाही.

डीलर उद्या म्हणेल, "भिया, हम तो बीच के आदमी हैं, गाड़ी तो पुराने मालिक की थी." पावती त्याच्या लेटरहेडवर असेल तर हे बोलणं लंगडं पडतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि विक्रीसाठी गाडी त्याच्याकडे आल्याची रीतसर सूचना दिली गेली की तोच मालक मानला जातो. तशी सूचना दिली गेली होती का, ते नायता मुंडल्याच्या आरटीओत पाहा. आरसीवरच्या जुन्या मालकालाही पक्षकार करा.

तक्रारीला दोन वर्षं आहेत, फी ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला २०० रुपये. पोलिसांत जायची घाई नको. पुरावा नसताना गेलात तर "दीवानी मामला है" एवढंच ऐकून परत याल. पूर्ण पैसे परत मिळतील का? अहवाल येईपर्यंत जो वकील हो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. दुरुस्तीचा खर्च आणि थोडी भरपाई, हे जास्त वेळा होतं.

आज एकच काम करा. पहिल्या मेकॅनिककडून लिहून घ्या की अमुक दिवशी गाडी गरम होऊन आली, कूलंट इतकं कमी होतं. चिठ्ठीवर तारीख आजची घाला, मागची नाही. खोटी तारीख पकडली गेली की बाकीचं खरंही बुडतं. आणि त्या दिवशी त्याला पैसे मोबाईलवरून दिले असतील तर तो व्यवहार शोधून काढा. खरेदीच्या बाराव्या दिवशीच गाडी बिघडली होती, याची तारीख तिथे छापलेली आहे.