गणपतीत किशोरकुमार दाखवायचा, तर 'चलती का नाम गाडी'च

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: गणपतीतल्या एका संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये किशोरकुमारचा जुना विनोदी चित्रपट लावायचा आहे, पोरांना तो फक्त राजेश खन्नाचा आवाज म्हणून माहीत आहे, तर कुठला लावावा, त्यात त्याचाच आवाज असतो का, प्रत कुठली घ्यावी, आणि हक्कांचं काय.

'चलती का नाम गाडी' (1958) लावा. 'न्यू दिल्ली' (1956) किंवा 'आशा' (1957) वाईट आहेत असं नाही. 'आशा'त तर आपल्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं, 'ईना मीना डीका' आहे. पण 'चलती'मध्ये गाणं आणि विनोद एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. इतर चित्रपटांत किशोर विनोद करतो आणि मग गातो. इथे त्याची बोलण्याची लय, पळण्याची लय आणि गाण्याची लय एकच आहे. दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिनदेव बर्मन, गीतं मजरूह सुलतानपुरी. पडद्यावरचे तीन भाऊ खरेही सख्खे: अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोर. थोरला आणि धाकटा यांच्यात 18 वर्षांचं अंतर (1911 आणि 1929), त्यामुळे दादाचा धाक वेगळा रंगवावा लागत नाही.

आवाजाबद्दल. या चित्रपटात किशोर स्वतःसाठी स्वतःच गातो. 'बाबू समझो इशारे'मध्ये त्याच्या जोडीला मन्ना डे आहेत. पण 'किशोर पडद्यावर असेल तर आवाज त्याचाच' हा नियम मात्र नाही. त्याच 1958 सालच्या 'रागिनी'त ओ. पी. नय्यरनी 'मन मोरा बावरा' हे शास्त्रीय बाजाचं गाणं किशोरच्या तोंडी घातलं आणि गाऊन घेतलं रफीकडून. 'शरारत'मध्येही (1959) 'अजब है दास्ताँ तेरी' रफीचंच. बिमल रॉय यांच्या 'नौकरी'त (1954) सलील चौधरींच्या मनात आधी हेमंतकुमार होते, किशोरने हट्ट धरला तेव्हा कुठे 'छोटा सा घर होगा' त्याला मिळालं. तोवर त्याच्या नावावर 'जिद्दी'तलं (1948) गाणं होतं, तरीही ही गत. 'आराधना' (1969) आल्यावर लोकांना वाटलं की हा गायक अचानक उगवला. त्याआधी तो वीसेक वर्षं गात होता, बहुतेक स्वतःसाठी आणि देव आनंदसाठी. पोरांना ओळख पटत नसेल तर 'गंमत जंमत'मधलं (1987) 'अश्विनी ये ना' आठवून द्या, तोच हा गळा.

आता प्रतीकडे या, कारण घोळ इथेच होतो.

पहिलं, चौकट. त्या काळचा चित्रपट जवळजवळ चौकोनी असतो, रुंदी-उंचीचं प्रमाण 1.37 ला 1. आजच्या 16:9 पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. त्या दिसत नसतील तर चित्र ताणून सगळ्यांना जाडं केलंय किंवा वरखाली कापलंय. कापलेली प्रत अजिबात नको. किशोरचा निम्मा विनोद पायांत आहे, आणि कापताना आधी पायच जातात. प्रोजेक्टरचं चित्र 8 फूट रुंद पडत असेल तर त्याची उंची साडेचार फूट आणि प्रत्यक्ष चित्रपट साधारण सव्वासहा फूट रुंद दिसेल. त्या हिशेबाने पुढच्या खुर्च्या लावा. रंग भरलेली प्रत मिळाली तरी कृष्णधवलच घ्या. पावसाच्या रात्रीच्या प्रसंगात उजेड-अंधाराचं जे काम आहे ते रंगात वाहून जातं.

दुसरं, वेग. याकडे कुणी बघत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेम्सचा), पण जुन्या पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या व्हीसीडी-डीव्हीडीवर तो 25 ने पळतो. म्हणजे चार टक्के जलद, एखादा दीडशे मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपणार. संवादात हे कळत नाही, गाण्यात कळतं. सूर जवळजवळ पाऊण सेमीटोन चढतो, पेटी घेऊन बसलात तर तो दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सापडतो. किशोरचा खालचा भरदार आवाज त्यात पातळ होतो आणि यॉडलिंग (गळा झटक्यात वर-खाली उडवत गाणं) कार्टूनमधल्या खारीच्या चिरक्या आवाजासारखं वाटायला लागतं. गाणं मोबाइलवर चांगल्या रेकॉर्डिंगशी जुळवून बघा. लांबीवरून मात्र निकाल लावू नका. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून चित्रपटातलं गाणं तबकडीपेक्षा लांब असू शकतं.

तिसरं, आवाज. ध्वनिपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, त्यामुळे 'सराउंड', 'बास बूस्ट' सगळं बंद. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर हॉल भरत नाही. दोन साधे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर ठेवा. आणि ते वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज बरेचदा सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने मागे पडतो. एरवी चालून जातं, इथे नाही.

का, ते 'एक लड़की भीगी भागी सी'मध्ये बघा. रात्र, पाऊस, मधुबालाची बंद पडलेली गाडी गॅरेजमध्ये. मनमोहन, म्हणजे किशोर, दुरुस्ती करता करता हातातलं हत्यार पत्र्यावर ठोकतो आणि त्या ठोक्यावरच गाणं उभं राहतं. चालीवर 'सिक्स्टीन टन्स' या अमेरिकन गाण्याची छाया आहे, पण तिथला खाणकामगाराचा जड पाय इथे गॅरेजातल्या टकटकीत बदललाय. ओळ संपल्यावर किशोर जे थबकतो, आवाज खाली नेऊन जणू स्वतःशीच बोलतो, ते कंठातलं काम आहे आणि भुवई त्याच क्षणी उचलली जाते. ठोका आणि पाना यांच्यात फट पडली की सगळी मजा गेली. म्हणून जुळणी तपासायला आदल्या दिवशी हेच गाणं लावा.

एक गोष्ट पोरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कथेचा खिळाच कळणार नाही. मधुबाला दुरुस्तीचे पैसे न देता निघून जाते, रक्कम पाच रुपये बारा आणे, आणि तेवढ्यासाठी किशोर तिच्या मागे लागतो. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे पावणेसहा रुपये. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली, चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षीचा, म्हणजे आणा लोकांच्या तोंडात होताच.

उत्तरार्धात खलनायक के. एन. सिंगचं कारस्थान सुरू होतं तिथे चित्रपट सैल पडतो, हे मान्य करायला हवं. तरी कात्री लावू नका. कुक्कू आणि हेलन एकत्र नाचतात तो मुजरा टीव्हीसाठी आखडलेल्या प्रतीत गायब असू शकतो, आणि तो बघण्यासारखा आहे. मध्यंतर आहे तिथेच घ्या, चहा आणि मोदक तेव्हाच.

हक्कांचं विचारलंत. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे याचा 2018 अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं चालतात. बर्मनदा 1975 ला गेले, मजरूह 2000 ला. त्यामुळे तिकीट, वर्गणी, प्रायोजकाचा फलक असं काही लावणार असाल तर आधी परवानगीची चौकशी करा. कुणी नव्याने केलेल्या सबटायटल्सचे हक्कही वेगळे असतात.

वेळेचा हिशेब असा: चित्रपट अडीच तासांहून बराच लांब, वर मध्यंतराची पंधरा-वीस मिनिटं. रात्री दहाला स्पीकर बंद करायचे असतील आणि आरती साडेसातची असेल तर ती मध्ये येणारच. तेव्हा दुपारी चारला सुरू करा किंवा त्या दिवशीची आरती साडेसहाला घेऊन पावणेसातला पडदा लावा. दुसऱ्या दिवसासाठी मागणी आलीच तर 'हाफ टिकट' (1962). त्यातलं 'आके सीधी लगी दिल पे' ऐकताना बाईचा आवाज कुणाचा म्हणून पोरांना ओळखायला सांगा. पडद्यावर समोर प्राण आहे, आणि दोन्ही आवाज किशोरचेच.