अल्पाकाची लोकर घरी हाताळताना: धुण्याआधी झटका

अल्पाकाची, म्हणजे उंटाच्या कुळातल्या या लोकरी प्राण्याची, पहिली लोकर हाती आली की लगेच पाण्यात घालावीशी वाटते. थांबा. आधी ती जुन्या चादरीवर पसरा आणि पाठीवरची व कुशीची लोकर वेगळी काढा. कातायला तीच उत्तम. पायांची, पोटाची भरड लोकर बाजूला ठेवा. नमद्याला (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाला), उशीत भरायला चालते.

अल्पाकाच्या लोकरीत मेंढीसारखा मेणचटपणा जवळजवळ नसतो. असते ती धूळ, कारण हे प्राणी मातीत मनसोक्त लोळतात. म्हणून मोठ्या जाळीवर थोडीथोडी लोकर हलक्या हाताने झटका, तोंडाला मास्क लावून आणि शक्यतो उघड्यावर. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण इथे दिलेला तास पुढे पिंजताना दुप्पट वाचतो.

धुताना लोकर जाळीच्या पिशवीत घाला, गरम पाण्यात थोडा सौम्य साबण मिसळून तिला नुसती बुडू द्या. चोळू नका, वरून नळाची धार सोडू नका. खळबळायचं पाणीही तितकंच गरम हवं. गरम-थंडचा धक्का आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचा गोळा झालाच म्हणून समजा. नंतर दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा.

पिंजताना जाड, ताठ केस दिसतील तेवढे वेचा. तेच अंगाला टोचतात.

ही लोकर निसरडी असते, तेव्हा सूत कातताना पीळ जरा जास्त द्या. सुरुवातीला निम्मी मेंढीची लोकर मिसळलीत तर हात लवकर बसेल, शिवाय विणलेला स्वेटर लोंबणारही नाही.