जुन्या व्यंगचित्रकारांना गुरू करावं का? कागलच्या मित्राला उत्तर

तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला. तू कोल्हापुरात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, कागलहून रोज एसटीनं येतोस आणि तुला व्यंगचित्रकार व्हायचंय. सर म्हणतात, आर. के. लक्ष्मण गिरव, रोज एक चित्र. मित्र म्हणतात, पेपरातली ती जुनी माणसं आता कोण बघतंय, त्यांच्या नादाला लागलास तर मागं पडशील. आणि तुला कळेना, ही माणसं अजून आदर्श मानावीत की नाही.

मानावीत, असं मला मनापासून वाटतं. पण गिरवायला म्हणून नव्हे. ताई म्हणून विचारलंस, तर जरा सविस्तरच सांगते.

मी बावीस वर्षं इथल्या एका दैनिकाच्या कला विभागात काढली. आधी पेस्टअप, म्हणजे पानावर मजकूर-चित्रं चिकटवायची, मग कथांची रेखाटनं, मग पॉकेट कार्टून, म्हणजे एका चौकटीतलं छोटं व्यंगचित्र. पहिली दोन वर्षं मी लक्ष्मणच काढत होते. त्यांचा तो 'कॉमन मॅन', म्हणजे सामान्य माणूस: चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेनं उडालेले केस. त्याला मी फेटा बांधला, पायात कोल्हापुरी पायताण घातलं आणि मला वाटलं, झाला कोल्हापूरचा कॉमन मॅन तयार. आमच्याकडं एक वयस्क कंपोझिटर होते. छपाईचे खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं गेलेली, नंतर प्रुफं तपासायला बसत. त्यांनी एकदा माझं चित्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ह्यो माणूस कुठं भेटला तुला? कुठल्या पेठेतला?" मला उत्तर देता आलं नाही. मंगळवार पेठेतला म्हातारा कट्ट्यावर बसतो कसा, उठताना हात कुठं टेकतो, समोरून नगरसेवक आला की मान किती वळवतो, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. म्हैसूरच्या एका माणसानं मुंबईत बसून घडवलेला माणूस मी उसना आणला होता.

आता तो माणूस घडला कसा ते बघ. लक्ष्मण यांनी १९५१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियामध्ये रोजची चौकट सुरू केली. त्याआधीच्या चित्रांत सामान्य जनता दाखवायची म्हटलं की ते घोळका काढायचे: एक बंगाली, एक तमिळ, एक पंजाबी, एक गुजराती, ज्याचा त्याचा पेहराव. पण रोजचं चित्र ठरल्या वेळेत द्यायचं, तिथं एवढा घोळका परवडणार कसा? एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकटा उरला, जो सगळीकडं हजर असतो आणि एक अक्षर बोलत नाही. कॉमन मॅन असा रोजच्या कामातून झिजून झिजून निघालाय. तू तो आयता उचललास तर ती झीज तुझ्या वाट्याला येतच नाही, आणि शिकण्यासारखं नेमकं तेच आहे. लहानपणापासून खिडकीतून दिसेल ते काढायची त्यांना सवय होती, आणि कावळे तर ते उतारवयापर्यंत काढत राहिले. गिरवायचीच तर ती सवय गिरव.

तुझ्या सरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हात बसायला नक्कल लागतेच. आपल्या कलापुरात तालीम म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको, कुस्तीची असो की चित्राची. फक्त नक्कल करताना रेघ कुठून सुरू झाली, कुठं जाड झाली, कुठं मोडली आणि का, हे बघत कर.

त्या जाड रेघेचंच घे. तुझ्या मित्रांना ती जुनाट वाटते. पण ती छपाईतून आलीय. पूर्वी चित्र झिंकच्या लाइन ब्लॉकवर जायचं. आम्लानं जस्ताचा पांढरा भाग खाऊन टाकायचा आणि उरलेला उंच भाग छापायचा. म्हणजे एक तर काळं, नाही तर पांढरं. मधली राखाडी छटा हवी तर रेघांची जाळी विणायची. त्यात न्यूजप्रिंट म्हणजे शाई पिणारा कागद. जाळी जास्त दाट झाली की छापून आल्यावर तिथं नुसता डाग. म्हणून ही माणसं चित्र मोठं काढायची, ते लहान होऊन छापलं जाणार हे धरून चालायची, ब्रशनं दमदार रेघ मारायची आणि काळ्याचे मोठे तुकडे विचार करून ठेवायची. आमच्या काळात ऑफसेट छपाई आली होती, ब्रोमाइड, म्हणजे चित्राचा फोटोकागद, काढून चिकटवायचो, तरी जुन्या ब्लॉकवाल्यांनी मला हे बजावून सांगितलं होतं.

तुला टॅबवर लाखो रंग मिळतात, तुझ्यावर असलं काही बंधन नाही, असं तू म्हणशील. पण तुझं चित्र बघणारा कुठं बघतोय? एसटीत उभा राहून, अडीच-तीन इंच रुंदीच्या फोनवर, अंगठा वर सरकवता सरकवता. जुन्या चौकटीएवढीच जागा, आणि वेळ तर त्याहून कमी. पन्नास छटा, बारीक तपशील, मागं धूसर इमारती, सगळं त्यात बुडून जातं. एक करून बघ. तुझं कुठलंही चित्र तिकिटाएवढं लहान कर आणि हात लांब करून बघ. कोण कुणाला काय करतंय हे कळलं तर चित्र उभं राहिलं. डेव्हिड लो, लक्ष्मण, बाळासाहेब ठाकरे यांची चित्रं या परीक्षेत आजही उतरतात. मित्रांना हे करून दाखव.

लो यांचं नाव घेतलं, तर त्यांच्या एका चित्राजवळ जरा थांबते. जन्मानं न्यूझीलंडचे, लंडनच्या इव्हिनिंग स्टँडर्डमध्ये काढायचे. २० सप्टेंबर १९३९ चं चित्र आहे. हिटलर आणि स्टालिन यांचा करार होऊन महिनाही झालेला नाही, पोलंड दोघांनी दोन बाजूंनी चिरडलंय. चित्रात दोघं समोरासमोर उभे, कमरेत लवलेले, टोपी अदबीनं वर उचललेली, चेहऱ्यावर पाहुण्याला भेटल्याचं हसू. तोंडानं मात्र एकमेकांना शिव्या, त्याही अगदी सभ्य सुरात. आणि दोघांच्या मधे जमिनीवर एक प्रेत. शब्द झाकून बघ, तरी चित्र बोलतं. सगळा डाव त्या टोपी उचलण्यात आहे. इंग्रज सभ्य माणूस रस्त्यात रोज जे करतो तेच लो यांनी या दोघांना करायला लावलं.

आता तुझ्या गावात टोपी कोण उचलतंय? तू चित्रात टोपी दाखवलीस तर ती पुन्हा उसनी. आपल्याकडं सत्कार आहे. शाल, श्रीफळ, फेटा, आणि फोटोवाला येईपर्यंत हारात अडकलेली मान. ज्याला पाडायला वर्षभर खटपट केली त्यालाच पेढा भरवणारा हात आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, त्यावर खालच्या रांगेत तिकिटाएवढे चेहरे आहेत. शहराची हद्दवाढ, पंचगंगेतलं मैलापाणी, पाण्याची थेट पाइपलाइन, कुठलाही विषय घे आणि तो सत्काराच्या स्टेजवर उभा करून बघ. लो यांच्याकडून घ्यायचं ते हे.

बाळासाहेब आणि लक्ष्मण मुंबईच्या फ्री प्रेस जर्नल या दैनिकात एकत्र काम करत होते आणि दोघांवरही लो यांचा प्रभाव होता. पुढं दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर हात ओळखायला क्षण लागत नाही. गुरू एक असूनही असं होऊ शकतं, हे लक्षात ठेव.

आणि फक्त पेपरवाल्यांवर थांबू नकोस. वसंत सरवटे आपल्या कोल्हापूरचे, १९२७ चा जन्म. सिव्हिल इंजिनिअर म्हणून एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी केली आणि आयुष्यभर चित्रं काढली. 'ललित' मासिकातल्या हातोडा घेतलेल्या ठणठणपाळाचं चित्र त्यांचंच. शि. द. फडणीस निपाणीजवळच्या भोज गावचे. 'मोहिनी'ची त्यांची मुखपृष्ठं शोधून बघ, एकही शब्द नाही. गणिताच्या पाठ्यपुस्तकात त्यांची चित्रं होती म्हणून आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांची गणिताची भीती कमी झाली, त्यात मीही होते. ही माणसं तुझ्या एसटीच्या अंतरावर वाढली.

आता जिथं त्यांच्या मागं जायचं नाही ते सांगते, आणि इथं मला गप्प बसवत नाही. जुन्या चित्रांतल्या बायका बघ. एक लाटणं घेतलेली जाडी बायको, एक टंच सेक्रेटरी, तिसरी फारशी कुठं दिसत नाही. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आमच्या घरी पोरींपासून लपवून ठेवायचे. पानाला खिडकी कापलेली, त्यातून भलतंच काही दिसतंय असं वाटावं आणि पान उलटलं की भलतं काहीच नाही. रचना म्हणून ते हुशारीचं काम आहे, ते मी आजही मान्य करते. पण ती हुशारी बहुतेक वेळा बाईच्या अंगावरच खर्च झाली. राजकीय व्यंगचित्रं काढणारी बाई आपल्या देशात किती दुर्मीळ! बंगळूरच्या माया कामत २००१ मध्ये गेल्या, त्यांचं काम जरूर बघ. नाकाचा, रंगाचा, जातीचा, तोतरेपणाचा विनोद जुन्यांनी केला म्हणून तू करू नकोस.

व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र तुला माहीत असेल. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बाबासाहेब बसलेत आणि मागं नेहरूंनी चाबूक उगारलाय. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते होतं, २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला आणि ते काढायचं ठरलं. चित्राचा रोख घटनेच्या कामाच्या संथपणावर होता, असं समर्थक म्हणाले. असेल. पण ज्या समाजाच्या पाठीवर खरोखरचे चाबूक पडले त्या घरातल्या पोरानं ते पान उघडल्यावर त्याला काय दिसेल? आपल्या जिल्ह्यात माणगाव आहे. १९२० मध्ये शाहू महाराजांनी तिथल्या परिषदेत बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. इथं राहून चित्र काढणाऱ्यानं चाबूक काढण्याआधी तो कुणाच्या पाठीवर पडलाय हे माहीत करून घ्यायलाच हवं. शंकर मोठे होतेच. त्यांच्यासारख्या माणसाकडूनही हे सुटलं, म्हणून सांगते.

धाडसाबद्दल विचारलंयस. अबू अब्राहम यांचं डिसेंबर १९७५ चं चित्र बघ. आणीबाणी लागलेली, छापण्यावर बंधनं. राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसलेत आणि सही केलेला कागद दाराच्या फटीशी देतायत, आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा म्हणतायत. तेवढ्या रेघांत सगळी आणीबाणी आली. ते इंडियन एक्स्प्रेसनं छापलं, हे मात्र विसरू नकोस. चित्रकाराच्या मागं छापणारा उभा असावा लागतो. २००५ च्या पुरानंतर मी नदीकाठच्या बांधकामांवर एक चित्र केलं होतं. संध्याकाळी पानात लागलं, रात्री उतरवलं गेलं आणि सकाळी त्या जागी एका गृहप्रकल्पाची जाहिरात होती. मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. ते चित्र मी अजून जपून ठेवलंय. तुला आज तुझं चित्र स्वतः लोकांपुढं ठेवता येतं, हे आमच्यापेक्षा नक्कीच बरं आहे. पण अंगावर आलं तर मागं कुणी नसतं, त्याचाही विचार करून ठेव.

पोटापाण्याचं थोडक्यात. पगारी व्यंगचित्रकाराची खुर्ची आता क्वचित असते. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या पेपरनंही २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं बंद केली. सरवट्यांसारखं हातात दुसरं काम ठेव. त्यात कमीपणा नाही.

आता काय करायचं ते. पुढचा महिनाभर पहाटे गंगावेशीत दूधकट्ट्यावर जा. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, लोक पेला घेऊन उभ्या उभ्या पितात. फोटो काढायचा नाही. साधी वही, एक ब्रशपेन, खोडायचं काही जवळ नको. पेला तोंडाला लावल्यावर पैलवानाची मान आणि कारकुनाची मान यांत काय फरक पडतो तेवढंच काढ. फेस मिशीला लागला की माणूस तो बोटानं पुसतो की मनगटानं, ते बघ. घरी आल्यावर त्या दिवसाचा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, स्थानिक पानासकट, आणि सकाळच्या माणसांतला एक जण त्या बातमीत उभा कर. त्यानंतर रात्री लक्ष्मण किंवा लो यांचं एक चित्र समोर ठेव आणि त्यांनी हाच प्रसंग कसा मांडला असता ते शोध. ही पायरी शेवटी ठेव, सकाळी नको.

आणि शाहू स्मारकात किंवा आणखी कुठं मूळ व्यंगचित्रांचं प्रदर्शन लागलं तर चुकवू नकोस. काचेला नाक लावून बघ. पेन्सिलीच्या पुसट खुणा दिसतील, पांढरा रंग लावून झाकलेला हात दिसेल, त्याच्यावर पुन्हा काढलेला हात दिसेल.

महिन्याभरानं वहीतली दहा पानं इथं टाक. चांगली निवडून नको, सलग दहा. मी बघते.