रेडिओचे शब्द इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात कसे आले?

आपण विचारले आहे की, दोन माणसांचे विचार जुळले तर ती ‘सेम वेव्हलेंग्थ’वर आहेत असे इंग्रजीत का म्हणतात, आणि एखाद्याने उत्तर देणे बंद केले तर त्याला ‘रेडिओ सायलेन्स’ का म्हणतात. मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काम केले आहे. हे शब्द मी आधी कामाचे शब्द म्हणून शिकलो आणि त्यांचे लाक्षणिक अर्थ नंतर माझ्या कानांवर आले; त्यामुळे बोलीत शिरताना त्यांनी यंत्रातले काय उचलले आणि काय मागे ठेवले, याकडे माझे लक्ष सतत जाते. या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सापडते.

‘वेव्हलेंग्थ’ म्हणजे तरंगलांबी. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत रेडिओ घरोघरी पोहोचला, तेव्हा केंद्रांची ओळख त्यांच्या तरंगलांबीच्या मीटरमधल्या आकड्याने होत असे. आपल्याकडेही आकाशवाणीच्या उद्घोषणेत मीटर आणि किलोहर्ट्झ असे दोन्ही आकडे सांगत, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. केंद्र कितीही जोरकस असले तरी आपला संच त्याच आकड्यावर आल्याशिवाय एक शब्दही कळत नाही, हा अनुभव बटण फिरवणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या बोटांनी आलेला होता. म्हणूनच ‘आमची वेव्हलेंग्थ जुळते’ हे वाक्य कोणी पहिल्यांदा बोलले असेल तेव्हा ते समजावून सांगावे लागले नसणार. मात्र मूळ व्यवहारात केंद्र आपल्या जागेवरच असते, हलावे लागते ते ऐकणाऱ्याला. लाक्षणिक अर्थात हे हलणे गळून गेले आणि दोघे जणू आधीपासूनच एका जागी असतात. मराठीतले ‘तारा जुळणे’ मला या बाबतीत अधिक नेमके वाटते, कारण त्यात तार पिळून सुरात आणण्याचे कष्ट ऐकू येतात. खरे तर इंग्रजीतला ‘ट्यून’ हा शब्दही संगीतातूनच रेडिओत गेला. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ साली आणि मार्कोनी यांनी १९०० साली पेटंट मागताना हाच प्रश्न हाती घेतला होता: एका वाद्याच्या सुराला दुसऱ्याने प्रतिसाद द्यावा, तसा एका प्रेषकयंत्राला ठरावीक ग्राहकयंत्रानेच प्रतिसाद कसा द्यावा. संगीतातून रेडिओत आणि रेडिओतून पुन्हा माणसांत असा प्रवास करून ‘ट्यून आउट’, म्हणजे समोरच्याचे बोलणे कानांआड करणे, हा वाक्प्रचार तयार झाला.

‘रेडिओ सायलेन्स’बद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. बिनतारी संदेश पाठवणारे जहाज कोणत्या दिशेला आहे हे किनाऱ्यावरच्या दोन-तीन केंद्रांना मोजता येते, आणि त्या दिशांच्या रेघा जिथे छेदतात तिथे ते जहाज सापडते. पहिल्या महायुद्धापासून आरमारे हे तंत्र वापरत आली आहेत. त्यामुळे लपून जायचे असेल तर प्रेषकयंत्र बंद ठेवणे भाग होते, आणि यालाच ‘रेडिओ सायलेन्स’ म्हणत. २६ नोव्हेंबर १९४१ रोजी जपानच्या ताब्यातल्या हितोकाप्पू उपसागरातून पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला करण्यासाठी निघालेला जपानी ताफा असाच मुका राहून गेला. परंतु तो बहिरा नव्हता. हल्ल्याचा दिवस पक्का करणारा तोक्योचा संदेश त्याने वाटेतच, २ डिसेंबरला, ऐकला.

व्यापारी जहाजांवर तर शांततेचा हेतूच ऐकणे हा होता. आमच्या रेडिओरूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांचे दोन पट्टे लाल रंगाने रंगवलेले असत. दर तासाला त्या दोन वेळा तीन-तीन मिनिटे ५०० किलोहर्ट्झ या संकटसंदेशांच्या वारंवारतेवर कोणीही संदेश पाठवायचा नाही, फक्त हेडफोन लावून ऐकायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम होता, कारण दूरवर एखादे जहाज बुडत असेल आणि त्याची बॅटरी संपत आली असेल, तर त्याचा क्षीण एसओएस, म्हणजे मदतीची हाक, एरवीच्या गजबजाटात हरवून जाण्याची भीती असे. सगळा समुद्र एकदम गप्प झाला की वातावरणातली खरखर तेवढी कानांत उरायची. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था जगभर पूर्णपणे लागू झाली आणि ते घड्याळ निकामी झाले. आता ‘तिकडून रेडिओ सायलेन्स आहे’ असे कोणी म्हणते तेव्हा समोरच्याने पाठ फिरवली आहे, असा अर्थ घेतला जातो. शब्दातले गप्प राहणे टिकले आणि कान देणे सुटले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या प्रश्नात नसलेला, पण मराठीतही रोज वापरला जाणारा एक शब्द याच घरातला आहे: ‘फीडबॅक’. अमेरिकी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांना ६ ऑक्टोबर १९१४ रोजी ज्या ग्राहकयंत्राचे पेटंट मिळाले, त्यात व्हॉल्व्हमधून, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या काचेच्या नळीतून, वाढून बाहेर पडलेल्या संकेताचा काही अंश पुन्हा आत सोडला जाई आणि त्यामुळे दुबळा संकेत अनेक पटींनी वाढे. आत परत जाणारा हा अंश मर्यादेपलीकडे गेला की यंत्र किंचाळू लागे, इतकेच नव्हे तर स्वतःच लहरी सोडू लागे आणि शेजाऱ्यांच्या रेडिओतही शिट्ट्या ऐकू येत. या परत जाण्याला ‘फीडबॅक’ हे नाव १९२० च्या सुमारास रुळले. १९२७ साली अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांनी परतणारा संकेत उलटा करून आत सोडला, तेव्हा वर्धन घटले पण आवाज शुद्ध आणि स्थिर झाला. यालाच ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. १९४८ साली गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रे आणि सजीव यांतल्या नियंत्रणाचे आणि संदेशवहनाचे शास्त्र, मांडताना हीच कल्पना प्राण्यांना आणि समाजाला लावली, आणि पुढे तो शब्द कचेऱ्यांत पोहोचला. तिथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कौतुक आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे टीका असे अर्थ झाले. यंत्राच्या हिशेबाने मात्र पहिला प्रकार यंत्राला किंचाळण्याकडे नेतो आणि दुसरा त्याला ताळ्यावर ठेवतो.

बाकीच्या शब्दांचे थोडक्यात सांगतो. ‘स्टॅटिक’ म्हणजे ती खरखर. अमेरिकी बोलीत तिचा अर्थ कटकट किंवा उलट उत्तर असा झाला. ‘रॉजर’ हे ‘आर’ हे अक्षर रेडिओवर चुकीचे ऐकू येऊ नये म्हणून दुसऱ्या महायुद्धात त्याच्यासाठी उच्चारले जाणारे नाव होते आणि ‘आर’ म्हणजे ‘रिसीव्ह्ड’, संदेश पोहोचला. अशा नावांच्या १९५६ च्या नव्या यादीत ‘आर’चे ‘रोमिओ’ झाले तरी ‘रॉजर’ राहिले, मात्र बोलीत त्याचा अर्थ ‘मान्य’ असा होऊन बसला. संदेश पोहोचणे आणि तो मान्य असणे यांत मोठे अंतर आहे. आज्ञा पाळतो असे सांगण्यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द होता. ‘ओव्हर अँड आउट’ तर कामावर कोणी म्हणणारच नाही, कारण ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला आणि ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले.

उलट दिशेने आलेला शब्द म्हणजे ‘ब्रॉडकास्ट’. रेडिओच्या कितीतरी आधी तो शेतावरचा शब्द होता. ओळीत न पेरता बी हाताने सर्वदूर फेकणे, म्हणजे आपले शेतकरी ज्याला फोकून पेरणे म्हणतात ते. मराठीने त्यासाठी ‘प्रक्षेपण’ हा शब्द घेतला, आणि त्यातल्या ‘क्षेप’चा अर्थही फेकणे असाच आहे.