गेमिंग पीसीसाठी २५६ जीबी एसएसडी + १ टीबी हार्ड डिस्क घ्यावी, की ५१२ जीबीची जेन ४ एसएसडी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहता, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅम ठरलंय, ग्राफिक्स कार्ड कापूस विकल्यावर घ्यायचं. इंटरनेट मोबाइलचं, रोजचं २ जीबी. दुकानदार एकाच भावात दोन पर्याय देतोय: २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरता भाग नसलेली, थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान साठवण) आणि सोबत १ टीबी हार्ड डिस्क, किंवा ५१२ जीबीची जेन ४, म्हणजे चौथ्या पिढीच्या वेगाची एसएसडी.

दोन्हीपैकीच घ्यायचं असेल तर ५१२ घ्या. पण भाऊ, थोडे पैसे वाढवता आले तर १ टीबीची साधी, टीएलसी प्रकारची (हा प्रकार काय ते पुढे सांगतो) एनव्हीएमई घ्या आणि 'जेन ४' या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. खेड्यात वेगापेक्षा जागेला किंमत जास्त आहे.

का, ते बघा. शहरात फायबर असलेला माणूस जागा संपली की एक गेम काढतो, दुसरा टाकतो, मन झालं की पहिला पुन्हा उतरवतो. रोजच्या २ जीबीत १०० जीबीचा गेम पुन्हा उतरवायला ५० दिवस लागतात. म्हणजे तुमच्याकडे एकदा आलेला गेम काढून टाकायचा नसतो, तो जपायचा असतो. आणि गेम आता लहान राहिलेले नाहीत. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी लागतात, बाल्डर्स गेट ३ लाही १५०, काउंटर-स्ट्राइक २ ला ८५. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक पडतो, त्यात फसवणूक नाही. त्यातून विंडोज, त्याचे अपडेट, पेज फाइल आणि हायबरनेशनची फाइल मिळून ६०-७० जीबी धरा. १५-२० टक्के जागा रिकामी ठेवावीच लागते, नाहीतर एसएसडी लिहिताना रडकुंडीला येते. उरतो जेमतेम एका मोठ्या गेमचा वाव.

दुकानदार म्हणेल, बाकीचे गेम हार्ड डिस्कवर टाका. टाकता येतात, पण खेळताना त्रास होतो. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हव्या त्या जागी डेटा वाचणारी मुंडी सरकायला आणि तबकडी फिरून ती जागा मुंडीखाली यायला मिळून साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला ८० च्या आसपास. साधी सॅटा (केबलने जोडायची, एनव्हीएमईपेक्षा संथ) एसएसडीसुद्धा तेवढ्या वेळात हजारो तुकडे वाचते. मोकळ्या जगाचा गेम तुम्ही गाडी पळवत असताना सतत असे तुकडे मागत असतो. हार्ड डिस्क पुरवू शकली नाही की रस्ता धुरकट दिसतो, इमारती उशिरा उगवतात, मध्येच चित्र अडकतं. म्हणूनच सायबरपंक २०७७ च्या २.० आवृत्तीपासून आणि स्टारफिल्डला पहिल्यापासून एसएसडी लागतेच, असं त्यांच्या किमान गरजांतच लिहिलेलं आहे.

हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक डोळ्यांना दिसतो. सॅटावरून एनव्हीएमईवर, किंवा जेन ३ वरून जेन ४ वर गेलात तर बहुतेक गेममध्ये लोडिंगचे काही सेकंद वाचतात, एवढंच. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, यातल्या कशानेच वाढत नाहीत. तुमच्या बाबतीत तर जेन ४ चा प्रश्नच उरत नाही, कारण ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयई ३.० चाच (पीसीआयई म्हणजे एसएसडीला प्रोसेसरशी जोडणारी वाट, ३.० म्हणजेच जेन ३) आहे आणि ए५२० चिपसेटही ३.० चाच. डब्यावर सेकंदाला ५००० किंवा ७००० एमबी लिहिलेलं असो, तुमच्या बोर्डावर ती ३५०० च्या आसपासच थांबणार. जेन ४ ची एसएसडी जेन ३ इतक्याच भावात मिळत असेल तर खुशाल घ्या, ती बिनबोभाट चालते.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. ए५२० च्या स्वस्त बोर्डांवर एम.२ चा स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई बसवायची खाच, बहुधा एकच असतो. त्यात आज २५६ जीबी बसवली की वर्षभराने ती काढल्याशिवाय दुसरी एम.२ बसत नाही, आणि काढली तर विंडोज नव्याने टाका किंवा क्लोन (जसंच्या तसं कॉपी) करा. म्हणून त्या एकुलत्या स्लॉटमध्ये पहिल्याच दिवशी परवडेल तेवढी मोठी एसएसडी जाऊ द्या. हार्ड डिस्क किंवा सॅटा एसएसडी नंतर कधीही जोडता येते, त्यासाठी सॅटाचे चार पोर्ट असतात.

टीएलसी आणि क्यूएलसी हा फरक समजून घ्या, कारण स्वस्त माल इथेच फसवतो. टीएलसीत एका पेशीत ३ बिट साठवतात, क्यूएलसीत ४. दोन्ही प्रकारांत सुरुवातीचा काही भाग वेगवान कॅशे म्हणून वापरतात. लिहिताना तो भरला की टीएलसी थोडी मंदावते, पण क्यूएलसी कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली येते. मित्राकडून आणलेला १०० जीबीचा गेम कॉपी करताना सुरुवातीला १५०० एमबीने धावणारी रेघ अर्ध्या वाटेत ८०-१०० वर आदळली, तर कारण हेच. डब्यावर हे प्रकार सहसा लिहिलेले नसतात, पण टीबीडब्ल्यूच्या (वॉरंटीत एकूण किती टीबी लिहिता येतं त्या) आकड्यावरून अंदाज बांधता येतो. ५०० जीबीत डब्ल्यूडी ब्लू एसएन५८० ला ३०० टीबीडब्ल्यू आहे आणि ती टीएलसी आहे. क्रुशियल पी३ ला ११० आहे आणि ती क्यूएलसी. आता ११० म्हणजे लवकर मरेल असं नाही. रोज ३० जीबी लिहिलं तरी वर्षाला ११ टीबी होतात. माझ्या मते हा आकडा आयुष्य मोजण्यापेक्षा आतला माल ओळखायला जास्त उपयोगी.

१ टीबी जमतच नसेल तर ५०० जीबीची टीएलसी एनव्हीएमई आज घ्या आणि दोन-चार महिन्यांनी हार्ड डिस्क जोडा. ती खेळायला नाही, साठवायला. घरात धान्याची कणगी असते आणि रोजचं पीठ डब्यात असतं, तसा हिशेब. स्टीम या गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, हार्ड डिस्कवर दुसरी लायब्ररी तयार करा. जो गेम खेळायचा तो 'मूव्ह' करून एसएसडीवर आणा, झाला की परत पाठवा. हार्ड डिस्क सलग वाचताना १५०च्या आसपास एमबी देते, म्हणजे १०० जीबीला दहा-बारा मिनिटं. पन्नास दिवसांपुढे दहा मिनिटं काहीच नाहीत.

हार्ड डिस्क घेताना मॉडेल नंबर बघा. डब्ल्यूडीची डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स आणि सीगेटची एसटी१०००डीएम०१० या १ टीबीच्या ७२०० आरपीएम, सीएमआर (रेघा शेजारी शेजारी लिहिणाऱ्या) डिस्क आहेत, चांगल्या आहेत. २ टीबीची एसटी२०००डीएम००८ एसएमआर आहे. तिच्यावर रेघा एकमेकींवर चढवून लिहितात, त्यामुळे खूप डेटा एकदम टाकला की वेग पडतो. नुसतं साठवायला तीही चालेल. सीसीटीव्हीतून काढलेल्या जुन्या डिस्का मात्र नव्या म्हणून विकल्या जातात, आणि दुकानदाराचं पॅकेज संशयास्पद स्वस्त असेल तर हीच शक्यता जास्त. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावून 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कला हा आकडा शून्याजवळ हवा. पण तो पुसताही येतो, म्हणून डिस्कवरच्या लेबलाची तारीख आणि कंपनीच्या साइटवर सीरियल नंबरची वॉरंटी, दोन्ही तपासा. त्याच यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळींचा रॉ आकडा शून्य नसेल तर डिस्क परत करा. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून सॅटा केबलचा असतो. केबल बदलून बघा.

लाइनीचं सांगतो, कारण आपल्याकडे ड्राइव्ह यानेही खराब होतात. लाइन गेली की हार्ड डिस्कची मुंडी तबकडीच्या उरलेल्या गतीवर स्वतःला बाजूला घेते, पण रोज चार वेळा असं झालं तर झीज होते. स्वस्त एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करायला कपॅसिटर नसतात. गेम उतरत असताना किंवा अपडेट होत असताना लाइन गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. तसं झालं तर गेम काढून पुन्हा उतरवू नका. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'व्हेरिफाय इंटिग्रिटी' चालवा, ते बिघडलेल्याच फाइल मागवतं. ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. तो खेळत बसायला नाही, पाच मिनिटांत सेव्ह करून बंद करायला. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय विजेविना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर तेवढ्यात येतो, साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की दिवे मंद होत असतील तर व्होल्टेज पडतंय. विजेच्या एकाच बोर्डावर कूलर आणि पीसी लावू नका, अर्थिंग खरंच जोडलेली आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

मे महिन्यात खोलीच ४२-४३ वर असते. एसएसडीचा कंट्रोलर साधारण ७०-८० अंशांवर गेला की स्वतःहून वेग कमी करतो. महागड्या जेन ४ एसएसडी ७-८ वॅट खातात, साध्या ३-४ वॅट. आपल्या उन्हाळ्यासाठी साधी बरी, हेही कारण आहेच. प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या पंख्याची हवा खाली बोर्डावर येते, तिने एसएसडीही थंड राहते. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून पंख्यावर चिकट थर बसतो, तो फुंकून जात नाही आणि कनेक्टरलाही गंज चढतो.

बसवणं सोपं आहे. एसएसडीच्या मापाचा आकडा २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. स्लॉटमध्ये साधारण ३० अंशांच्या कोनात सारा, सोनेरी टोकं आत गेली की दाबून आडवी करा आणि टोकाचा स्क्रू लावा. तो बारीक स्क्रू एसएसडीसोबत येत नाही, बोर्डाच्या डब्यात असतो. डबा फेकण्याआधी तो शोधा. बोर्डावर एसएसडीची पत्र्याची झाकणी असेल तर तिच्या पॅडवरची पारदर्शक पट्टी सोलून काढा. एसएसडीवरचं स्टिकर काढू नका, वॉरंटी जाते. विंडोज टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर बूटचा छोटा भाग कधी कधी हार्ड डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली किंवा मेली की धडधाकट एसएसडीवरचं विंडोजही सुरू होत नाही.

तालुक्याच्या गावी फायबर असलेला मित्र असेल तर पोर्टेबल डिस्कवर गेम आणा. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून घ्या. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि गेममध्ये तशा फाइल असतातच. मित्राच्या स्टीमअॅप्समधल्या कॉमन फोल्डरातून गेमचं पूर्ण फोल्डर उचला, तुमच्याकडे त्याच जागी ठेवा आणि मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. गेम तुमच्या खात्यात असला पाहिजे. स्टीम आधीच्या फाइल ओळखतं आणि फक्त उरलेला फरक उतरवतं. एकदा यवतमाळला किंवा नागपूरला जाणं होणार असेल तर एसएसडीही तिथूनच पक्क्या बिलावर घ्या. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो लेबलाशी जुळतो का ते काउंटरवरच बघा.