किराणा तिचा, फ्लॅट त्याचा

प्रश्न : आम्ही दोघेही हिंजवडीत नोकरी करतो आणि पगार जवळपास सारखेच आहेत. किराणा, शाळेची फी आणि कामवाल्या मावशींचा पगार माझ्याकडून जातो, तर फ्लॅटचा हप्ता यांच्याकडून. तरी ‘घर मी घेतले’ असे हे म्हणतात. हिशेब कुठे चुकतो? (वाचक, कोथरूड)

उत्तर : बेरीज बरोबर आहे, वाटणी चुकली आहे. हप्त्यातून मालमत्ता उभी राहते, किराण्यातून महिनाअखेरीस रिकामे डबेच उरतात. आणि तुमचा पगार किराण्यात गेला नसता, तर त्यांच्या पगारातून हप्ता सुटलाच नसता. घरात कोणाचा शब्द चालतो हे प्रत्यक्ष हातभारापेक्षा तो कितीसा मानला जातो यावर ठरते, असे अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये मांडले, ते इथे तंतोतंत लागू पडते. दोघांनी पगाराच्या प्रमाणात एका संयुक्त खात्यात रक्कम भरावी आणि हप्ता व किराणा दोन्ही तिथूनच जावेत. खरेदीखतावर तुमचे नाव आहे का, हे मात्र आजच पाहा.

प्रश्न : ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये पत्नीच्या खात्यात येतात. घर मीच चालवतो. मग पैसे कोणाच्या खात्यात आले याने काय फरक पडतो? (वाचक, हडपसर)

उत्तर : पडतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांपोटी वडिलांना मिळणारी करसवलत बंद होऊन तेच पैसे आईच्या हाती भत्ता म्हणून येऊ लागले, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकामुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढल्याचे अर्थतज्ज्ञांना आढळले. दक्षिण आफ्रिकेत पेन्शन आजीला मिळे त्या घरातल्या नातींची तब्येत सुधारली. आजोबांच्या पेन्शनने तसे झाले नाही, असे अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी दाखवले. यावरून बायका जात्याच काटकसरी असतात असा अर्थ कृपया काढू नये. अर्थात, एटीएम कार्ड तुमच्या पाकिटात आणि ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असेल, तर खाते नुसते नावापुरते तिचे.

प्रश्न : मी गृहिणी आहे. यजमान प्रत्येक मोठ्या खरेदीआधी मला विचारतात, म्हणजे निर्णय दोघांचाच ना? (वाचक, धनकवडी)

उत्तर : ‘मी कमावत नाही’ हा संकोच आधी सोडा. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७. राहिला प्रश्न विचारण्याचा : मागच्या वेळी तुम्हाला फ्रिजचा रंग विचारला होता, की फ्रिज घ्यायचा का हे विचारले होते?